कॉफीच्या आधीची साक्ष

मेर्सिलिया साक्षीला जायला तयार झाली, तेव्हा त्यातून तिच्या पदरात काय पडणार याचा हिशेब मी माझ्या टपरीत बसून करून टाकला होता. विमानात बसायला मिळणार. आमच्या वस्तीवरून विमानं रोज जातात, पण ती वरूनच जातात. वकीलबाईंनी आणलेला निळा झगा आणि टाचेचे बूट तिच्याकडेच राहणार. दुसऱ्यानं अंथरलेल्या पलंगावर झोपणार, दुसऱ्यानं शिजवलेलं खाणार. साखर कारखान्याच्या खानावळीत आयुष्यभर लोकांसाठी तांदूळ निवडलेल्या बाईला हे काही कमी नव्हे. शिवाय काळे झगे घातलेली माणसं समोर बसून तिचं ऐकणार आणि मध्येच कुणी "बरं बरं, आटप" म्हणणार नाही. पण ही सगळी चिल्लर झाली. खरी रक्कम एकच होती, ती म्हणजे ओनेल.

ओनेल तिचा नवरा. आडनाव दोर्व्हील, जन्म नदीपलीकडचा, हैतीचा. मिसरूड फुटायच्या वयात ऊस तोडायला इकडे डॉमिनिकन बाजूला आला, मग गवंडी झाला, मग मेर्सिलियाचा झाला. त्यांच्या यानिल्दाला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर धरलं होतं, म्हणून मेर्सिलिया मला कोम्पाद्रे म्हणते आणि मी तिला कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडांपेक्षा अर्धा इंच वर धरतात.

यानिल्दा रांगत होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ओनेल कामावर निघाला. अंगात ताप होता, एका हातात डबा, दुसऱ्या हातात थापी. चौरस्त्यावर बस उभी होती. तोंडावरून पलीकडची वाटणारी माणसं तीत भरणं चाललं होतं. ओनेललाही चढवलं. घर कुठं, बायको कोण, पोर कुठं जन्मलं, कागद आहेत का, असले तर घरी जाऊन आणतोस का, यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. दिवस मावळायच्या आत तो सरहद्दीच्या पुलापलीकडे होता. तापात असल्यामुळे त्याला त्या प्रवासातलं काही आठवत नाही. फार ऊन होतं आणि कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या, एवढंच तो सांगतो.

एकदा तो नदीतून चोरून परत आला होता. आठवडा टिकला नाही, पुन्हा बस. तेव्हापासून त्यानं हट्ट धरला, "मी काय चोर आहे? येईन तर पुलावरून येईन, उजेडात." ताठा परवडायला लागतो. ओनेलला तो परवडत नव्हता, पण त्यानं उधारीवर घेतला, आणि त्याचं व्याज इकडे मेर्सिलिया फेडत राहिली. रांगणारी यानिल्दा आता शाळेत पोरांना शिकवते. बाप तिला त्या सगळ्या वर्षांत रविवारी फोनवर भेटायचा.

आता मी कोण, तर मी आकडे घेतो. लोकांना रात्री जे दिसतं त्याचा सकाळी आकडा होतो. साप दिसला तर एक आकडा, भरलेली विहीर दिसली तर दुसरा, मेलेली आई भात वाढताना दिसली तर तिसरा. त्यामुळे आमच्या वस्तीत कोण रात्री कुठं कुठं फिरून येतं, हे पाद्र्यापेक्षा मला जास्त ठाऊक असतं. पाद्र्याकडे लोक पापं आठवून जातात. माझ्याकडे उठल्या उठल्या येतात, अजून डोळ्यांत अर्धं तिकडचंच असताना.

आणि त्यामुळेच मला आमच्या कॉफीच्या रिवाजाची किंमत कळते.

आमच्याकडे "मला स्वप्न पडलं" असं कुणी म्हणत नाही. नळावर, दारात, माझ्या टपरीसमोर, कॉफी पोटात जायच्या आधी जे बोललं जातं ते सगळं तिकडचं असतं. ते सरळ सांगायचं, झालं तसं. ऐकणाराही तसंच ऐकतो, मान डोलावतो, शंका काढत नाही. मग पहिला घोट घेतला की दार लागलं. त्यानंतर जे बोलाल ते उघड्या डोळ्यांचं. वस्तीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे शिकवावं लागत नाही. आमची प्रिमितिवा एकदा पहाटे नळावर म्हणाली, "तातिको दुकानदार दोन नन घेऊन पळाला, दुकानाला बैल बांधलाय." बायकांनी घागरी भरता भरता "अगंबाई" म्हटलं आणि घरी गेल्या. तासाभरानं तीच प्रिमितिवा, कॉफीचा वास तोंडाला असताना, म्हणाली, "तातिकोनं काल तांदूळ वजनात मारले." दुकानापुढे हा गोंधळ! तातिकोला तराजू बदलावा लागला.

आणि एक. दूर गेलेलं माणूस कॉफीच्या आधी दिसलं, तर ती त्याची खबर धरतात. पत्र येत नाही, फोन लागत नाही, तेव्हा माणसं त्याच वाटेनं निरोप पाठवतात असं आम्ही मानतो. बस गेली त्या आठवड्यात मेर्सिलिया रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहून ओनेलची खबर सांगायची आणि आकडा न लावता निघून जायची. ओनेलवर आकडा कसा लावायचा, असं तिचं म्हणणं.

तर अशा बाईचा जबाब घ्यायला दोक्तोरा इरासेमा आल्या.

या दोक्तोरा म्हणजे वकीलबाई. राजधानीतल्या, चष्मा लावणाऱ्या, फार घाई असलेल्या, मनानं चांगल्या. त्यांनीच प्रथम सांगितलं की सान होसे नावाच्या शहरात अख्ख्या खंडाचं एक कोर्ट आहे, आपल्या देशानं त्याच्यापुढे मान तुकवायचं कबूल केलेलं आहे, आणि परक्या माणसालासुद्धा न विचारता, न ऐकता, गुरासारखं हद्दीबाहेर हाकता येत नाही असा तिथं कायदा चालतो. एकेकाला समोर बसवायचं, त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं, वकील द्यायचा, वर दाद मागायला वाट ठेवायची. एवढं करून मग पाठवायचं तर पाठवा. एव्हारिस्तो आमच्यातला सगळ्यांत जुना तोडकरी. त्यानं हे ऐकून विचारलं, "एवढं सगळं? बस तोवर थांबते का?"

दोक्तोरांना त्या दिवशी अजून तीन वस्त्या करायच्या होत्या, म्हणून त्या दिवस फुटताच मेर्सिलियाच्या दारात आल्या. मेर्सिलियानं पाणी चुलीवर ठेवलं, डबा उघडला, तर साखर नाही. चारही बाजूंनी ऊस, नजर जाईल तिथवर ऊस, आणि पाहुणीला कॉफीत घालायला साखर नाही. बिनसाखरेची कॉफी वकीलबाईंपुढे ठेवायची तिला लाज वाटली. यानिल्दाला प्रिमितिवाकडे पिटाळलं. प्रिमितिवाकडेही नव्हती, म्हणून ती पुढे कुणाकडे मागायला गेली आणि यानिल्दा परत आली. इकडे दोक्तोरा घड्याळ बघत म्हणाल्या, "बाई, कॉफी राहू द्या हो. सुरू करू या."

आणि मेर्सिलियानं सुरू केलं.

बाहेर धुकं होतं, उसाच्या तुऱ्यांना लागून थांबलेलं. तुरे यायच्या दिवसांत सकाळी आमची वस्ती जमिनीवर नसतेच. खालचं काही दिसत नाही, नुसते पत्रे आणि वर चंदेरी पिसं हलताना दिसतात. वाटतं, घरं रात्रीतून कुठंतरी जाऊन आलीत आणि अजून नीट टेकली नाहीत. अशा उजेडात मेर्सिलियानं पुलाचं सांगितलं. पूल फार लांब होता. इकडच्या टोकाला संध्याकाळ होती आणि तिकडे सकाळ झाली होती. माणसं एकामागं एक उतरत होती. एक साहेब उसाच्या ओल्या कांड्यानं त्यांची डोकी मोजत होता, मोळ्या मोजतात तशी. ओनेलच्या पायात एकच बूट होता, डाव्या. तो तिच्याकडे बघून काही बोलला, पण नदीचा आवाज मोठा होता.

दोक्तोरांचे डोळे भरून आले होते, असं यानिल्दा सांगते. त्यांनी शब्द न् शब्द उतरवला. सकाळ-संध्याकाळचं वाक्य त्यांना बोलण्याची पद्धत वाटली. दुःखात माणूस असं बोलतो, त्याला हात लावू नये, असं त्यांनी ठरवलं. शिकलेल्या माणसाचं मन हळवं झालं की तो प्रश्न विचारायचं विसरतो.

मग साखर आली. कॉफी झाली. दोघींनी प्यायली. पुढचं मेर्सिलियानं कॉफीनंतर सांगितलं. दोक्तोरांनी तेही त्याच कागदावर, त्याच शाईनं, खालोखाल उतरवलं.

त्यानंतर वर्षं गेली. त्या कोर्टाचं दार वाजवल्यापासून उघडेपर्यंत पोरींची लग्नं होतात. शेवटी बोलावणं आलं तेव्हा ओनेलला जाता येईना. पासपोर्ट नाही, तो काढायला लागणारा दाखला नाही, दाखला देणारी कचेरी भूकंपात गेलेली. त्यानं आपलं लिहून दिलं, ऊन आणि कोंबड्या. बाकी मेर्सिलियावर आलं.

"कोम्पाद्रे, काय बोलू तिथं?" निघायच्या आदल्या दिवशी ती टपरीपुढे येऊन उभी राहिली. निळा झगा अंगावर, बूट हातात.

"जे झालं ते सांग."

"ते तर सांगितलंयच की मागं."

"तेच पुन्हा सांग. कोर्टात नवीन माल लागत नाही."

"आणि हे बूट?"

"ते मात्र घालून जा."

सुनावणी आम्ही तातिकोच्या दुकानात पाहिली. त्याच्या पुतणीनं मोबाईलमधून ती टीव्हीवर चढवली होती. दुकानात जागा पुरेना, तेव्हा माणसं तेलाच्या डब्यांवर, तांदळाच्या पोत्यांवर, एकमेकांच्या मांडीवर बसली. बाहेर लांब कुठंतरी फड पेटवला होता आणि पाचटाची काळी राख सावकाश आत येऊन लोकांच्या केसांवर बसत होती. चित्र मधूनच थिजायचं. मेर्सिलियाचं तोंड अर्धं उघडं, हात हवेत, आणि सगळं दुकान श्वास धरून बसलेलं. मग ती पुन्हा हलायची. इतकी लहान, इतकी निळी, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. मला तर ती रोज सकाळी लोक मला सांगतात त्यांतलंच कुणी वाटली.

"बूट घातलेत का बघ," प्रिमितिवा म्हणाली.

"टेबल आहे पुढे. दिसतायत का पाय?"

"नसणार घातलेले. मी ओळखून आहे तिला."

समोर पाच-सात न्यायाधीश होते. मध्ये पांढऱ्या केसांची एक बाई, कुठल्याशा थंड देशातली असावी, शाल घेतलेली. एका बाजूला दोक्तोरा इरासेमा. दुसऱ्या बाजूला आमच्या सरकारचा वकील. त्याचा सदरा इतका कडक इस्त्रीचा की तातिको म्हणाला, "याला बसताना मोडत असेल."

तो वकील उठला. हातात मेर्सिलियाचा जबाब.

"बाई, आपण म्हणता, पुलाच्या एका टोकाला संध्याकाळ होती आणि दुसऱ्या टोकाला सकाळ."

"हो."

"अधिकारी उसाच्या कांड्यानं माणसं मोजत होता."

"हो. कांडं ओलं होतं."

"आपल्या पतीच्या पायात एकच बूट होता."

"डाव्या."

"हे आपण पाहिलंत?"

"पाहिलं."

"कुठं उभ्या होतात?"

मेर्सिलियानं जरा आठवून पाहिलं. खोटं बोलायचं तिच्या डोक्यातच नव्हतं, म्हणून तिला वेळ लागला. "उभी नव्हते साहेब. निजले होते."

दुकानात प्रिमितिवानं कपाळावर हात मारला. "मेली! कॉफीच्या आधीचं सांगितलंय हिनं!"

"आणि त्या बयेनं ते लिहून घेतलं?" तातिको ओरडला. "वकील आहे का कोण आहे? आधी विचारू नये, चूल पेटलीय का म्हणून?"

"गप्प बसा रे, ऐकू द्या!"

तिकडे सरकारी वकील न्यायाधीशांकडे वळला होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण कुठंतरी ठेवून दिलेलं दिसत होतं. "सन्माननीय न्यायालय, आमच्या देशावर इतकी वर्षं एका स्वप्नाचा खटला चालू आहे. मला आणखी काही विचारायचं नाही." आणि तो बसला. दोक्तोरा इरासेमा कागद चाळत होत्या, भरभर, ते चाळून काही निघणार नाही हे माहीत असलेल्या माणसासारख्या.

राख पडत राहिली. मला डोळ्यांपुढे ओनेल दिसला, पुलाच्या त्या टोकाला, इस्त्रीचे कपडे घालून. पूल लांब होत चाललेला. यानिल्दा भिंतीला टेकून उभी होती. तिनं नखं तळहातात रोवली होती.

मग ती शालवाली न्यायाधीश पुढे वाकली. "बाई, हे सगळंच आपण झोपेत पाहिलं का?"

"नाही हो," मेर्सिलिया म्हणाली. तिला प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "कॉफी व्हायच्या आधी सांगितलं तेवढं झोपेतलं. नंतरचं जागेपणीचं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. या दोक्तोरांनाही माहीत असेल असं मला वाटलं."

"मग जागेपणीचं सांगा."

"त्या दुपारी मी ओनेलचे कागद आणि पोरीचा जन्मदाखला घेऊन चौकीवर गेले. त्यांनी म्हटलं, असा कुणी इथं नाही, उद्या ये. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणे, तो तर गेला पलीकडे. मी विचारलं, कुणी पाठवला? साहेब कोण? मला त्या साहेबाला हे कागद दाखवायचेत. तर म्हणे, बाई, साहेब कुणी नाही, हुकूमही कुणाचा नाही. बस भरते आणि जाते."

"असं कोण म्हणालं?"

मेर्सिलियाचा चेहरा उजळला. चांगल्या माणसाचं नाव घ्यायला मिळालं की तिचा उजळतो. "सेव्हेरिनो. चौकीचा पहारेकरी. उंच आहे, पुढच्या दातांत फट आहे. शेजारच्या वस्तीतला. फार भला माणूस. त्यानंच मला बसायला खोकं दिलं. बाकीचे बोलतही नव्हते."

"आणि पुलाचं आपण खरं का मानलंत?"

"त्यात पण मी वाट बघत होते ना, की आता कुणीतरी याला नाव विचारेल. एवढी माणसं, एवढे साहेब. कुणी विचारलं नाही. म्हणून मला वाटलं, असंच झालं असणार."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग सरकारी वकिलाकडे पाहिलं. "पुलाबद्दल ही बाई म्हणते ते आम्ही बाजूला ठेवू. आता तुम्ही सांगा. या माणसाला कुणासमोर उभं केलं होतं? हुकूम कुणाच्या सहीचा? त्याच्या भाषेत त्याला काय सांगितलं? दाद कुठं मागायची ते कुणी समजावलं? हे दाखवण्याचं काम तिचं नाही, तुमचं आहे. माणूस तुमच्या ताब्यात होता."

तो उभा राहिला. बाजूच्या मदतनिसाच्या कानाला लागला. पुन्हा उभा राहिला. "त्या काळातल्या नोंदी सध्या उपलब्ध होत नाहीत."

"कुठल्याच?"

"शोध चालू आहे."

एव्हारिस्तो तेलाच्या डब्यावरून उठला, कमरेवर हात ठेवून टीव्हीजवळ गेला. "म्हणजे काय? सरकारकडं तर स्वप्नसुद्धा नाही?"

दुकान असं हसलं की बाहेर उभी असलेली खेचरं बिचकली. तातिकोनं त्या भरात सगळ्यांना गार पाणी फुकट दिलं, आणि लगेच त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, हे मी पाहिलं.

मेर्सिलिया परत आली तेव्हा प्रिमितिवानं पहिलं विचारलं, "बूट घातले होतेस?"

"आत जाताना घातले होते. बसल्यावर काढले."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

निकाल यायला आणखी एक तोडणीचा हंगाम गेला. दोक्तोरांनी तो आम्हाला माझ्या टपरीसमोर उभं राहून वाचून दाखवला. तोवर त्या शहाण्या झाल्या होत्या. वाचायच्या आधी त्यांनी स्वतः कॉफी मागून घेतली, सगळ्यांच्या पुढे प्यायली, तेव्हाच लोकांनी कान दिले. पुलाचा भाग कोर्टानं पुराव्यात धरला नव्हता. उरलेल्यावर म्हटलं होतं, माणसं घाऊक हाकलली, एकेकाचं ऐकलं नाही, दुभाष्या नाही, वकील नाही, दाद नाही. ओनेल दोर्व्हीलला परत येऊ द्यावं. भरपाई द्यावी. ज्यांनी केलं त्यांना शोधावं. पुढं कुणालाही पाठवण्याआधी बसवून विचारावं.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर कडक सदऱ्यांतले लोक येऊन म्हणाले, हा निकाल देशाला मान्य नाही. पण बाहेरचे देश बघत होते, पाहुण्यांना दाखवायला काहीतरी लागतं. मोठी रक्कम द्यायची नसली की ऋणको सावकाराला चहा पाजतो, तशी ओनेलला परवानगी मिळाली. वर्षाची, पुन्हा पुन्हा नवी करायची.

तो आला तो दिवस लख्ख होता. मी, मेर्सिलिया आणि यानिल्दा पुलाच्या अलीकडे उभे. पूल काही लांब नव्हता. पलीकडच्या बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्या मोजता येत होत्या. दारावरच्या तरुण अधिकाऱ्याला नवं शिक्षण मिळालं होतं. ओनेलच्या हातात परवानगी असूनही त्यानं त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "नाव? कुठं जाणार? तिकडे कोण आहे आपलं? काही सांगायचं आहे का?"

आता हा प्रश्न ज्या माणसानं अख्खी जवानी वाट बघून मिळवला, तो काय दोन शब्दांत उत्तर देणार? ओनेलनं आईच्या नावापासून सुरुवात केली. पहिला हंगाम कुठला, कुणाच्या फडात, मुकादम कसा होता, मेर्सिलियाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कुणाशी भांडत होती. मागं रांग वाढत गेली. कोंबड्यावाल्या बायका ओरडू लागल्या, "अरे, लग्न लावताय का कोर्ट भरवताय?" अधिकारी घामानं निथळत होता, पण त्याला शिकवलेलं होतं की मध्ये तोडायचं नाही. वारा नदीवरून येत होता आणि ओनेलचा आवाज त्यावर तरंगत आमच्यापर्यंत येत होता. शब्द नाही, नुसता चढ-उतार. मेर्सिलिया डोळे मिटून ऐकत होती. यानिल्दा म्हणाली, "आई, बाबा एवढे बोलतात?"

"मला तरी कुठं माहीत होतं," मेर्सिलिया म्हणाली.

ऊन कलल्यावर तो इकडे आला. दोन्ही पायांत बूट होते, तेही पॉलिश केलेले. पोरीसमोर उभं राहून त्याला हात कुठं ठेवावेत कळेना. शेवटी तिनंच ते घेतले आणि आपल्या खांद्यावर ठेवले.

इथवर सगळं जमेचंच झालं. मलाही वाटलं, मांडणी पुरी झाली.

मग एका दुपारी सेव्हेरिनो मेर्सिलियाच्या दारात आला. उंच, वाकलेला, दातांतली फट आता दातच गेल्यामुळे मोठी झालेली. आम्ही जेवायला बसलो होतो. तो आत येईना.

"बाई, तू माझं नाव घेतलंस."

"चांगलं म्हणून घेतलं," मेर्सिलिया म्हणाली. "भला माणूस म्हणाले. खोकं दिलंस म्हणाले."

"ते त्यांनी वाचलं नसावं."

झालं होतं असं. कोर्टानं सांगितलं होतं, ज्यांनी केलं त्यांना शोधा. सरकारनं सगळे कागद धुंडाळले. साहेबाचं नाव नाही, हुकमाचं नाही, बस चालवणाऱ्याचं नाही. अख्ख्या खटल्यात सरकारी माणसाचं म्हणून एकच नाव निघालं. पेन्शनला थोडे महिने उरले असताना एका सकाळी सेव्हेरिनो कामावर गेला, तर दारावरच्या पोरानं सांगितलं, "काका, तुम्हाला आत सोडायचं नाही म्हटलंय." पेन्शनही गेली. सरकारनं बाहेर कळवलं की दोषीवर कारवाई झाली.

ओनेलनं ताट बाजूला सारलं. "तुला काही विचारलं?"

"कोण विचारणार?"

"बोलावलं? बसवलं? तुझं म्हणणं काय म्हणून?"

"नाही रे बाबा. पोरगं दारावर होतं, त्यानं सांगितलं."

ओनेल उठला, स्वतःची खुर्ची उचलून दारात नेऊन ठेवली आणि म्हणाला, "बस." सेव्हेरिनो बसला. मेर्सिलियानं भात वाढला, वर घेवड्याची आमटी, बाजूला तळलेली केळी. मग तिनं तिथंच उभं राहून दोक्तोरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"दोक्तोरा, हा सेव्हेरिनो बसलाय इथं. आता याचं घ्या."

पलीकडे गाड्यांचा आवाज होता. "मेर्सिलिया, त्याला आधी इथल्या कोर्टात जावं लागेल. तिथं हरला तर वरच्या. मग तिथून..."

"मग?"

"वेळ लागेल."

"किती?"

दोक्तोरांनी आकडा सांगितला नाही. सेव्हेरिनोनं घास गिळला आणि म्हणाला, "राहू दे बाई. माझं वय बघ की."

त्यालाही बरेच दिवस झाले. तेव्हा आता मांडून टाकतो. सरकारनं भरपाईचा एक पेसो अजून दिलेला नाही. कडक सदऱ्याच्या वकिलाला बढती मिळून तो परदेशातल्या वकिलातीत गेला. बस कुणाच्या सांगण्यावरून भरली, ते कधी निघालं नाही, निघणारही नाही. ओनेल घरी आहे. यानिल्दाचं बिनबापाचं बालपण कुणाच्या नावे टाकायचं ते मला ठरवता येत नाही, म्हणून ती रक्कम तशीच मोकळी ठेवली आहे. बाकी जे काही भरायचं होतं, ते सगळं सेव्हेरिनोनं भरलं.